डावा कोपरा

२ कोटी ३५ लाख रुपये. ऑक्टोबर २०२३ मधे मुंबईत प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचा लिलाव झाला, त्यात पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलुई नावाच्या तेवीस वर्षांच्या इराणी पोरावर एवढे पैसे लावले. संपूर्ण संघ उभा करायला प्रत्येक फ्रँचायझीकडे त्या वर्षी ५ कोटी होते. म्हणजे जवळजवळ निम्मी तिजोरी एका माणसावर! आणि हा माणूस चढाई करून टाळ्या मिळवणाऱ्यातला नाही (करतो अधूनमधून, तो भाग वेगळा). त्याचं मुख्य काम डाव्या कोपऱ्यात उभं राहायचं आणि आलेल्याचा घोटा धरायचा.

ऑफिसात ज्यांनी कबड्डी फक्त टीव्हीवर पाहिली आहे त्यांचा यावर एकच सूर होता. वेडे आहेत का हे पुणेकर? पुणेकर वेडे आहेत की नाही या विषयावर वेगळा लेख होईल :-) पण हा सौदा वेडेपणाचा नव्हता असं माझं मत आहे, आणि ते का, हे सांगायला जरा मागं जावं लागेल. चहा घेऊन बसा.

आधी एक खुलासा. मी मालेगावचा. नाही, ते यंत्रमागवालं नाशिकचं नव्हे. वाशिम जिल्ह्यातलं, शिरपूर जैन ज्या तालुक्यात आहे ते. (हे वाक्य मी आता व्हिजिटिंग कार्डावरच छापून घेणार आहे.) आमच्याकडे या खेळाला जुनी माणसं अजून हुतूतूच म्हणतात. तेव्हा मी जे लिहितोय त्यात थोडा पक्षपात असणार हे गृहीत धरा.

आता थोडं अमेरिकेत जाऊ. तिथल्या फुटबॉलमधे, म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांवर आदळणाऱ्या फुटबॉलमधे, दरवर्षी ड्राफ्ट असतो. कॉलेजातून आलेले नवे खेळाडू संघ ओळीनं निवडतात आणि आदल्या वर्षी सगळ्यात तळाला राहिलेल्या संघाला पहिला मान मिळतो. आमच्या क्लायंटकडचे लोक एप्रिल महिन्यात दुसरं काही बोलत नाहीत. त्यांचा वाद ठरलेला. समोर आहे त्यातला सर्वोत्तम खेळाडू उचलायचा, की आपल्या संघात जिथं भोक आहे ते बुजवणारा उचलायचा? बचावाची तुमची पद्धत काय, त्या पद्धतीत कुठली जागा रिकामी आहे, ती भरायला कोण मिळतंय, यावर ते तासन् तास बोलू शकतात. हा ड्राफ्ट पहिल्यांदा झाला फेब्रुवारी १९३६ मधे. पहिला निवडला गेलेला खेळाडू होता जे बरवँगर, आणि गंमत म्हणजे तो त्या लीगमधे कधी खेळलाच नाही.

त्याच १९३६ सालच्या ऑगस्टमधे बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोरांनी तिथं देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. त्यात कबड्डी होती. मंडळ स्थापन झालेलं १९१४ साली, वैद्य बंधूंच्या आखाड्यातून. वऱ्हाडातल्या आखाड्यातली पोरं बोटीनं जर्मनीला जाऊन जगासमोर कबड्डी खेळली, आणि आज त्याच वऱ्हाडाच्या नावाचा एकही संघ प्रो कबड्डीत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, मी त्यावर पुन्हा येणार आहे.

तर नियम. महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या खेळाचे नियम गावागणिक वेगळे होते. १९२३ मधे बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानं स्पर्धा भरवली आणि नियम एका साच्यात आणायचा प्रयत्न केला. १९५० मधे अखिल भारतीय महासंघ झाला. पण त्याआधी, आणि गावोगाव त्यानंतरही, खेळाचे तीन प्रकार चालायचे. संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत बाद झालेला खेळाडू आपल्या संघानं समोरचा गडी मारला की परत आत येतो. गामिनीत बाद म्हणजे बाद, अख्खा संघ संपेपर्यंत बाहेर बसायचं. आणि अमरमधे कुणी बाहेर जातच नाही, फक्त गुण मोजायचे.

आता हे तीन प्रकार जरा इंजिनिअरच्या नजरेनं बघा. अमरमधे पकड फसली तर एक गुण गेला, बस. सातही जण पुढच्या चढाईला उभेच. त्यामुळं बिनधास्त झेपा टाका. गामिनीत पकड फसली की ज्यांना ज्यांना त्याचा हात लागला ते सगळे बाहेर, आणि परत यायची सोय नाही. तिथं पकड म्हणजे जुगार, त्यामुळं बचाव लाजरा होणार. संजीवनी या दोघांच्या मधली. धोका आहे, पण भरपाई शक्य आहे. आज आपण जी बघतो ती कबड्डी संजीवनीतून आली, आणि म्हणूनच आजच्या बचावात कधी झेप घ्यायची आणि कधी गप्प उभं राहायचं हा हिशोब आहे. नुसत्या ताकदीचा खेळ असता तर हिशोबाची गरजच पडली नसती.

मैदान किती असतं माहितेय? पुरुषांचं १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. त्याचं अर्धं तुमचं, म्हणजे साडेसहा मीटर खोल. दोन्ही बाजूंना एकेक मीटर राखीव पट्टा, जो झटापट सुरू झाल्याशिवाय वापरता येत नाही. म्हणजे सुरुवातीला हातात आठ मीटर रुंदी. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदानरेषा, तिच्यामागं एक मीटरवर बोनस रेषा, आणि बोनस रेषेपासून अंतिम रेषेपर्यंत उरतात फक्त पावणेदोन मीटर. मुंबईतल्या वन रूम किचनमधे सात जण उभे आहेत आणि आठवा चोर आत शिरलाय अशी कल्पना करा.

हे सात जण अर्धवर्तुळात उभे राहतात. दोन टोकांना दोन कोपरे. त्यांच्या शेजारी आत उभे असणारे दोघे. मग दोन कव्हर, म्हणजे मध्यरक्षक, आणि मधे एक. शेजारच्याचा हात धरला की झाली साखळी. हात धरण्यामागं बंधुभाव वगैरे काही नाही. चढाई करणाऱ्याकडं बघताना तुम्हाला शेजारच्याकडं बघता येत नाही, त्यामुळं तो कधी निघाला हे तुम्हाला त्याच्या हातातून कळतं. ओढ लागली, की तुम्हीही निघायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर ती सिग्नलची वायर आहे.

आता पकड कशी होते ते बघा. चढाईपटू बोनस घ्यायला पाय टाकतो. त्या क्षणी त्याचं सगळं वजन दुसऱ्या पायावर असतं. कोपऱ्यातला माणूस याच क्षणाची वाट बघत असतो. तो खाली झेपावतो आणि घोटा धरतो. पण घोटा धरून पकड होत नाही, पकड सुरू होते! ऐंशी किलोचा गडी एका पायानं लंगडत, कोपऱ्याला फरफटत मध्यरेषेपर्यंत नेऊ शकतो. त्याला थांबवायचं काम कव्हरचं. कव्हरनं बाजूनं येऊन त्याचा रस्ता बंद करायचा, कमरेत धरायचं किंवा धडक मारून राखीव पट्ट्यापलीकडं काढायचं. कव्हर अर्धा सेकंद उशिरा आला तर चढाईपटू निसटला. अर्धा सेकंद लवकर आला तर कोपऱ्यानं घोटा धरायच्या आतच चढाईपटू सावध होऊन मागं फिरला, जाताजाता कव्हरला हात लावून. आणि दुसऱ्या बाजूचा कोपरा? त्यानं मागून वळसा घालून परतीची वाट तोडायची. हे सगळं दीड-दोन सेकंदात.

आणि गुण कुणाच्या नावावर? ज्यानं पकड सुरू केली त्याच्या. बाकी तिघं फरशी पुसायला होते.

हा मुद्दा वरवर फालतू वाटेल, पण लिलावाचा इतिहास समजून घ्यायचा तर हाच मुद्दा मध्यवर्ती आहे. लिलावात आकडे विकत घेतले जातात. आकडा कोपऱ्याच्या नावावर पडतो. कव्हरच्या वेळेवर येण्याला आकडा नाही.

डावाच कोपरा का? समोरासमोर उभं राहिलं की तुमची डावी बाजू ही येणाऱ्याची उजवी. उजव्या बाजूनं घुसणाऱ्याचा हात आणि पाय आधी तिथंच येणार. म्हणजे सर्व्हरच्या ज्या पोर्टावर जास्त ट्रॅफिक तिथं उभा असलेला दरवान तो. उजवा कोपरा कमी महत्त्वाचा असं अजिबात नाही. एका हंगामात पकडींचे १०० गुण पहिल्यांदा पार केले ते उत्तर प्रदेशच्या नितेश कुमारनं २०१८ मधे, आणि तो उजव्या कोपऱ्यातलाच.

प्रो कबड्डी २०१४ मधे सुरू झाली. पहिल्या लिलावात सर्वात महाग गेला राकेश कुमार, १२ लाख ८० हजाराला. आज हा आकडा वाचून हसू येतं, पण तेव्हा कबड्डीपटूला बारा लाख ही बातमी होती. लीगनं नियमांत दोन गोष्टी अशा वापरल्या की बचावाचं गणितच फिरलं. एक, तिसरी चढाई. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवायचाच, नाहीतर बाद. दोन, अव्वल पकड. मैदानात तीन किंवा कमी गडी असताना पकड केली तर एकाऐवजी दोन गुण. पहिल्या नियमामुळं बचावाला थांबणं परवडू लागलं. दोन चढाया नुसतं अंतर ठेवून घालवायच्या आणि तिसरीला शिकार करायची, कारण त्याला आत यावंच लागतं. थांबता येणारा, न चिडणारा कोपरा आता सोन्याच्या भावाचा झाला.

हे सगळ्यात आधी कुणाला जमलं? यू मुंबाला. पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरी गाठणारा तो एकमेव संघ. २०१४ मधे जयपूरकडून ३५-२४ नं हरले, २०१५ मधे मुंबईतच बेंगळुरूला ३६-३० नं हरवून जिंकले, २०१६ च्या मार्चमधे पाटण्याकडून ३१-२८ नं हरले. लोकांना आठवतो तो कर्णधार अनुप कुमार आणि त्याचं शांत हसू. पण त्या २०१५ च्या संघाचा कणा मागं होता. कोपऱ्यात मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा, मधे जीवा कुमार आणि आपला विशाल माने. चौघांना एकमेकांची सवय झालेली. त्याच संघात एक इराणी पोरगा होता, फझल अत्राचली. तेव्हा त्याचं नाव धड उच्चारताही यायचं नाही कुणाला.

मग २०१६ चा लिलाव आला आणि चौकडी फुटली. मोहित छिल्लर ५३ लाखांना बेंगळुरूकडं गेला, त्या लिलावातला सर्वात महाग खेळाडू. नाडाही बेंगळुरूकडंच गेला. म्हणजे बेंगळुरूनं शहाणपणा केला, दोन्ही कोपरे जोडीनं उचलले! आणि झालं काय? बेंगळुरू उपांत्य फेरीत पोचलं नाही. यू मुंबाही पहिल्यांदाच उपांत्य फेरीबाहेर राहिलं. कोपरे एकीकडं, कव्हर दुसरीकडं. पुढच्या वर्षी ती जोडी पुन्हा एकत्र आली, या वेळी हरियाणाच्या नव्या संघात. बाद फेरीत गाठ पडली पाटण्याच्या प्रदीप नरवालशी. पाटणा ६९, हरियाणा ३०. एकट्या प्रदीपचे चढाईचे ३४ गुण. तो दिवस प्रदीपचा होता हे खरं, त्याच्यापुढं त्या दिवशी कुणीच टिकलं नसतं. पण मला त्या सामन्यातून एवढं कळलं की कोपऱ्यांची जोडी म्हणजे साखळी नव्हे.

त्याच २०१७ मधे एक मजेशीर प्रकार झाला, आमच्या भागापुरता. बेंगळुरूला आपल्या शहरात मैदान मिळालं नाही म्हणून त्यांचे 'घरचे' सामने झाले नागपूरला. विदर्भात प्रो कबड्डी आली ती कर्नाटकाच्या संघाला पाठिंबा द्यायला. लोक गेले, ओरडले, घरी आले. असो.

आता इराण. २०१६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अहमदाबादला मध्यंतराला इराण १८-१३ नं पुढं होतं, शेवटी आपण ३८-२९ जिंकलो. धोक्याची घंटा होती, आपण ती घड्याळाचा गजर बंद करतात तशी बंद केली. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत उपांत्य फेरीत इराणनं आपल्या पुरुषांना २७-१८ नं हरवलं. १९९० पासून, म्हणजे कबड्डी आशियाई स्पर्धेत आल्यापासून, आपण सुवर्ण सोडलं नव्हतं. अठरा गुण! एवढ्यावर भारताला रोखणं हे चढाईपटूंचं काम नाही, ते साखळीचं काम आहे. दुसऱ्या दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यातही इराण २७-२४ नं जिंकला, आणि त्या संघाची प्रशिक्षक कोण होती? नाशिकच्या शैलजा जैन. आपल्या बाईंनी शिकवलेल्या मुलींनी आपल्याला हरवलं. मला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही, उलट अभिमान वाटतो.

इराणात कुस्ती रक्तात आहे. खाली वाकून पाय धरणं, धरल्यावर न सोडणं हे तिथल्या पोरांना शिकवावं लागत नाही. म्हणून फझल. २०१८ च्या लिलावात यू मुंबानं त्याला १ कोटीला परत घेतलं. एक कोटीचा पहिला परदेशी खेळाडू, आणि तोही चढाईपटू नव्हे, डावा कोपरा.

२०२२ मधे पुणेरी पलटणनं त्याच फझलला १ कोटी ३८ लाखांना घेतलं आणि कर्णधार केलं. प्रशिक्षक बी. सी. रमेश. १७ डिसेंबर २०२२ ला मुंबईत अंतिम सामना, जयपूरकडून ३३-२९ नं हार. चार गुणांनी हुकलं.

आणि इथं पलटणनं जे केलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वात हुशार काम वाटतं. अंतिम फेरीपर्यंत नेणाऱ्या कर्णधाराला त्यांनी सोडून दिलं. ठेवलं कुणाला? अबिनेश नादराजन, उजवं कव्हर. संकेत सावंत, डावं कव्हर. गौरव खत्री, उजवा कोपरा. सगळी तरुण पोरं. पुढं चढाईला अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे, तीही हाताखाली वाढवलेली. नव्या तरुण खेळाडूंना लिलावाबाहेर थेट करारबद्ध करायची सोय लीगमधे आहे, तिचा उपयोग पलटणनं मनापासून केला. अस्लम आणि मोहित त्याच दारातून आले. म्हणजे लिलावाच्या सकाळी पलटणच्या साखळीत चारपैकी तीन कड्या जागेवर होत्या, एकमेकांना सरावलेल्या, आणि स्वस्तात. भोक एकच, डाव्या कोपऱ्याचं. तेव्हा खिशातले निम्मे पैसे त्या एका भोकावर ओतणं हा जुगार नव्हता. अमेरिकेतल्या त्या वादाचं उत्तरच होतं ते, कारण सर्वोत्तम खेळाडू आणि रिकामी जागा दोन्ही एकाच नावावर आले होते. त्याच लिलावात फझल १ कोटी ६० लाखांना गुजरातकडं गेला.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. पलटण साखळी फेरीत ९६ गुणांसह पहिली. शादलुईचे पकडीचे ९९ गुण, हंगामातला सर्वोत्तम बचावपटू. उपांत्य फेरीत त्याच्याच जुन्या पाटण्याला ३७-२१ नं धूळ चारली, आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ नं हरवून पलटण पहिल्यांदा विजेती. अंतिम सामन्यात सर्वाधिक गुण मात्र पंकज मोहितेचे. २८-२५ हा कबड्डीत किती कमी गुणांचा सामना आहे ते २०१५ च्या अंतिम सामन्याशी ताडून बघा. दोन्ही साखळ्या त्या दिवशी जाग्या होत्या.

यापुढं जे झालं ते तर एखाद्यानं मुद्दाम प्रयोग लावावा तसं आहे. २०२४ च्या लिलावात शादलुई २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडं गेला. हरियाणाकडं आधीपासून कोण होतं? जयदीप दहिया, मोहित नांदल, राहुल सेठपाल. दोन कव्हर आणि उजवा कोपरा, आदल्या वर्षी अंतिम फेरी खेळलेले. म्हणजे पुन्हा तेच. तीन कड्या तयार, एक रिकामी. २९ डिसेंबर २०२४ ला हरियाणा पाटण्याला ३२-२३ नं हरवून पहिल्यांदा विजेता. मग २०२५ च्या लिलावात शादलुई गुजरातकडं गेला, २ कोटी २३ लाखांना, त्या लिलावातली सर्वात मोठी बोली. तोच माणूस, तोच कोपरा, तोच घोटा. पण शेजारी वर्षानुवर्षं हात धरून उभे राहिलेले तिघं नव्हते. गुजरात पुढच्या फेरीतही गेलं नाही.

एकच मोड्यूल, तीन सिस्टीम्स. दोन ठिकाणी धावलं, तिसऱ्या ठिकाणी एरर. मी टेस्टिंगवाल्यांबरोबर पुरेशी वर्षं काढली आहेत, त्यामुळं तीन नमुन्यांवरून सिद्धांत मांडू नये हे मला कळतं. चढाईपटू, दुखापती, नशीब हे सगळं आहेच. २०२४ मधे पलटण शादलुईशिवाय बाद फेरीबाहेर राहिली तेव्हा अस्लम जखमी होता हेही खरं. पण मला तरी असं दिसतं की शादलुईची किंमत ही त्याची एकट्याची नाही. ती शेजारच्या तिघांची किंमत आहे, फक्त चेक त्याच्या नावावर निघतो.

आणि म्हणून मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापेक्षा वेगळा उतरतो. जानेवारी २०१८ मधे रिशांक देवाडिगाच्या महाराष्ट्रानं सेनादलाला ३४-२९ नं हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं तेव्हा आम्ही पेढे वाटले, पण तांत्रिकदृष्ट्या तो आमचा संघ नव्हता :-( तर आमच्या तालुक्यांच्या गावात जी मंडळं खेळतात, त्यांच्याकडं पैसा नाही, मॅट नाही, बूट नाहीत, पण नेमकी ती एक गोष्ट असते जी लिलावात मिळत नाही. एकाच आळीतली चार पोरं, सातवीपासून एकत्र. कोण कधी झेपावणार हे त्यांना हात न धरताही कळतं. साखळी तयार असते. आणि निवड करायला येणारा माणूस त्या चौघांतून एक उचलतो, ज्याच्या नावावर पकडी दिसतात तो. उरलेले तिघं, ज्यांच्यामुळं त्या पकडी झाल्या, ते शेती बघतात, नाहीतर पोलिस भरतीच्या तयारीला लागतात. २०२३ च्या लिलावात सर्वात खालच्या गटाची मूळ किंमतही ९ लाख होती. कव्हरवर उभ्या राहणाऱ्या पोरानं तेवढंही स्वप्न कशाच्या जोरावर बघायचं? त्याच्या नावापुढं आकडाच नाही.

मदतीच्या पकडीला गुण द्यायला काय हरकत आहे? पूर्ण नको, अर्धा द्या. धावफलकावर दाखवू नका, फक्त नोंद ठेवा. फुटबॉलमधे गोलला पास देणाऱ्याची नोंद ठेवतात, बास्केटबॉलमधे ठेवतात. आपल्याकडं टीव्हीवर चढाईपटूचा प्रत्येक सेकंद मोजायचं तंत्र आहे, पण कोण कुणाच्या मदतीला किती वेळा वेळेवर पोचला याचा साधा तक्ता नाही. व्हिडिओ सगळे आहेत. दोन-तीन शनिवार-रविवार बसलं तर एका हंगामाचा तक्ता हातानंसुद्धा होईल. मी पलटणच्या दहाव्या हंगामापासून सुरुवात केली आहे, सहा सामने झालेत. संकेत सावंतकडं लक्ष ठेवून सामना बघा एकदा, वेगळाच खेळ दिसतो.

जाता जाता. २०२५ मधे पलटण शादलुईशिवाय पुन्हा अंतिम फेरीत गेली. प्रशिक्षक आता अजय ठाकूर, मागं अबिनेश आणि गौरव तेच. ३१ ऑक्टोबरला दिल्लीत दिल्लीशीच सामना. शेवटचे काही सेकंद उरलेत, पलटण थोडक्या गुणांनी मागं, आणि आदित्य शिंदे चढाईला जातो. तोच आदित्य, त्या दिवशी पलटणसाठी सर्वाधिक गुण घेतलेला. समोर दिल्लीच्या साखळीत उभा होता तेहतीस वर्षांचा, या लीगमधे सगळं बघून झालेला फझल अत्राचली. पलटणनं सोडलेला तोच. त्यानं पकड केली. दिल्ली ३१, पुणे २८.